गुलाबी बटण

टॅमझिनने कॅन्टीनच्या कागदी रुमालावर समजावलं:
बुकीकडे लाव, हा जिंकेल.
एक्स्चेंजवर लाव, हा जिंकणार नाही.
कुणीही जिंको, तुझे जातात पंचेचाळीस पेन्स,
मग बुकी खूश होऊन देतो दहा पौंडांची फ्री बेट.
"हा जुगार नाही, बेव्ह. ही वजाबाकी आहे."

वजाबाकी मला येते.
हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत अठरा वर्षं
मी गेलेल्या चादरींतून आलेल्या चादरी वजा करते.

तर रेडकार, मंगळवार, रात्रीचे साडेनऊ.
समुद्रावरचा वारा दाराच्या पत्रफटीचं झाकण वाजवतोय
आणि मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून
नॉर्वेतल्या दोन संघांची नावं
अक्षर अक्षर लावून बघतेय.
तीच मॅच ना? तोच दिवस ना?
दहा पौंड तिथे, नऊ पौंड चौऱ्याहत्तर इथे,
वर वीस पौंड पंचेचाळीस ओलीस,
गॅसच्या मीटरसाठी ठेवलेले.

मॅच पाहिली नाही. पाहायचं काय?
दोन्ही संघ माझे,
म्हणजे एकही नाही.

पुढची फ्री बेटही तशीच, न बघता.
बुधवारी हिशेब: सात पौंड अठ्ठेचाळीस, नफा.
वहीत लिहिले. खाली रेघ मारली.
रेघ मारायची ही पद्धत वडिलांची नाही,
त्यांनी कधीच रेघ मारली नाही.

विल्फ रेस्ट्रिक, पोलाद कारखाना, दुसरी पाळी.
शुक्रवारी पगाराचं पाकीट घरी यायच्या आधी
कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं.
तिथली बाई त्यांना "विल्फ, राजा" म्हणायची,
नाताळात बिस्किटांचा डबा द्यायची.
आमच्या घरात त्या दुकानाची बुटकी पेनं
सोफ्याच्या फटीत, कोटात, चहाच्या किटलीमागे.
मी बेरजा त्यांनीच शिकले.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी,
कॅटरिकची दोन चाळीसची शर्यत,
घोड्याचं नाव पोस्टमन्स नी. खरंच.
फ्री बेट लावली, एक्स्चेंज उघडलं,
आणि गुलाबीऐवजी निळं बटण दाबलं.
आठ पौंड नऊ पेन्स.
दोन्हीकडे तो जिंकेल म्हणून लावून बसले.

एक मिनिट होतं.
गुलाबी बटण तिथेच होतं, हाताच्या अंतरावर.
रुमालावर टॅमझिनने हेही लिहिलं होतं: चुकलीस तर लगेच उलट लाव.

घोडे सुटले.

आधी तो दिसेचना, मग सहावा,
मग शेवटच्या कुंपणाआधी चौथा, तिसरा,
आणि मी एका पायात मोजा घालून स्वयंपाकघरात उभी,
ओट्यावर मूठ आपटत ओरडतेय:
चल रे लेका, चल, चल, चल!
आवाज ओळखीचा होता.
माझा नव्हता.

मानेच्या फरकाने दुसरा आला.

आठ पौंड नऊ पेन्स म्हणजे काही नाही,
दोन वेळचा मासा आणि चिप्सही नाही.
पण कान तापले होते,
आणि चार मिनिटं त्या घरात
हीटर बंद असल्याचं मला कळलं नव्हतं.

वडिलांना मी माफ केलेलं नाही. हे त्यासाठी लिहीत नाहीये.

शुक्रवारी टॅमझिनला म्हटलं, घाईत बटण चुकलं.
ती म्हणाली, होतं पहिल्यांदा.
त्या मिनिटाबद्दल मी बोलले नाही.

मग सोमवारी बुकीची मेल आली, अगदी आदबीने:
आपल्या खात्यावर आता मर्यादा घालण्यात येत आहे.
मी आकडा टाकून पाहिला. दहा पौंड, नाही.
पाच, नाही. एक, नाही.
अकरा पेन्स, चालेल.

मला त्यांनी चोवीस दिवसांत ओळखलं.
वडिलांना एकतीस वर्षांत कुणी
दारात अडवलं नाही.
उलट बिस्किटं.

रविवारी पोस्टमन्स नी पुन्हा धावतोय, वेदरबीला.
अकरा पेन्स लावलेत.
विरुद्ध बाजूला काही नाही.